शाळा तिसऱ्या वर्षीच निवडली जाते
शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

वडनेर भोलजी, ता. नांदुरा, जि. बुलढाणा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,



आमचे वडनेर भोलजी पूर्वीच्या सहा नंबरच्या, आताच्या ५३ नंबरच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. अशा महामार्गावरच्या कुठल्याही मोठ्या गावात शाळेच्या दिवशी सकाळी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. तीन-साडेतीन वर्षांचे लेकरू, पाठीवर त्याच्या पाठीहून मोठे दप्तर, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत अजून झोप. आई पदराने त्याचे तोंड पुसते आणि पिवळ्या व्हॅनमध्ये आधीच दाटीने बसलेल्या मुलांत त्याला सरकवून देते. दार लागते, व्हॅन तालुक्याच्या दिशेने निघते आणि वाटेत गावातलीच अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा मागे टाकून जाते. त्या आईबापांनी ही शाळा निवडण्याआधी किती रात्री आकडेमोड केली, कुणाकुणाला विचारले, कुणाकडून उसने घेतले, याची नोंद शासनाच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. मुलासाठी शाळा निवडताना होणाऱ्या या ओढाताणीबद्दल आपल्याशी बोलायचे आहे. ती शहराची गोष्ट मानली जाते, पण आता ती आमच्या फाट्यापर्यंत आली आहे.

या ताणाचे खापर बहुतेक वेळा पालकांवरच फुटते. पालक हावरे झाले, देखादेखी वाढली, इंग्रजीचे वेड लागले, असे सभांमधून सांगितले जाते. मला हे निदान पटत नाही. पल्स पोलिओच्या रविवारी कोणताही बाप कोणत्या बूथवर डोस चांगला मिळतो याची चौकशी करत बसत नाही. जवळच्या बूथवर जातो, दोन थेंब पाजतो आणि घरी येतो, कारण सगळीकडे थेंब तेच आहेत याची त्याला खात्री असते. तोच बाप शाळेच्या बाबतीत झोप उडवून घेतो, कारण तिथे ही खात्री नाही. एका शाळेत मूल दुसरीत वाचायला लागेल आणि दुसऱ्या शाळेत पाचवीतही अडखळेल, हे त्याने आपल्या आजूबाजूला पाहिलेले असते. चुकलो तर लेकराची पाच-सात वर्षे जातील आणि ती परत मिळणार नाहीत, हे भय त्याला असते. आजूबाजूच्या शाळांमध्ये जेवढे अंतर जास्त तेवढे हे भय मोठे, आणि ते अंतर कमी करणे पालकाच्या हातात नाही. ते शासनाच्या हातात आहे.

आधी शहरातली रीत पाहू, कारण गावाने ती तिथूनच उचलली. मुंबई, पुणे, नागपुरात शाळेचा शोध मूल दोन-अडीच वर्षांचे असतानाच सुरू होतो. शाळा जूनमध्ये भरते, पण फॉर्म कित्येक महिने आधी निघतात. प्रत्येक शाळेची तारीख वेगळी, फॉर्मची फी वेगळी, कागदपत्रे वेगळी. एका शाळेची यादी लागण्याआधी दुसरीचे पैसे भरावे लागतात, म्हणून माणूस दोन-तीन ठिकाणी पैसे अडकवतो. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १३ने प्रवेशासाठी देणगी घेण्याला आणि मुलाची किंवा पालकाची चाळणी लावण्याला बंदी केली. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड, चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत. कलम चांगले आहे. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, आणि बहुतेक खासगी शाळांतले प्रवेश नर्सरीतच होऊन जातात. पहिलीचा वर्ग खालून चढत आलेल्या मुलांनीच भरतो. २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयानेही नर्सरी प्रवेश या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत असेच म्हटले. म्हणजे ज्या दाराशी गर्दी आहे, त्या दाराशी कायदा उभाच नाही. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९९३ साली, प्रा. यशपाल यांच्या समितीने दप्तराच्या ओझ्यावरील आपल्या अहवालात नर्सरी प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात असे सुचवले होते. तेव्हा जी मुले नर्सरीच्या वयाची होती, ती आज स्वतःच्या मुलांसाठी फॉर्म भरत आहेत.

हे वारे गावात दोन वाटांनी येते. एक वाट व्हॅनची. दुसरी वाट शहरात खोली करून राहण्याची : आईने लेकरांना घेऊन खामगाव, अकोला किंवा बुलढाण्यात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि बापाने गावात राहून वावर बघायचे. एका घराच्या दोन चुली होतात. हिशेब कापूस-सोयाबीनच्याच भाषेत मांडावा लागतो. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४ हजार ८९२ रुपये होता. एखाद्या शाळेची वर्षाची फी २५ हजार धरली, तर ती पाच क्विंटलांहून जास्त सोयाबीन होते, आणि तेही हमीभाव मिळाला तर. व्हॅन, वह्या-पुस्तके आणि गणवेश वेगळे. कोरडवाहू शेतीत नापिकीचे वर्ष अधूनमधून ठरलेलेच, फीचे वर्ष मात्र चुकत नाही. ज्या घरात दोन मुले आहेत तिथे कधी कधी मुलगा व्हॅनने जातो आणि मुलगी पायी जाते. निवडीचा सगळा भार घरावर टाकला की तो घरातल्या सर्वांत कमकुवत खांद्यावर येऊन पडतो.

पालकांच्या मनात काय आहे याचा पुरावा शासनाच्याच दप्तरात आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याने शिक्षणहक्काच्या नियमांत बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांतून सूट मिळाली. एप्रिलमध्ये अर्ज सुरू झाले. यादीत प्रामुख्याने सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या, जागा लाखोंनी होत्या, तरी अर्जांची संख्या लाखापर्यंतही पोहोचली नाही. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बदलाला स्थगिती दिली आणि जुन्या नियमाने पुन्हा अर्ज मागवले गेले. तेव्हा सुमारे १ लाख ५ हजार जागांसाठी २ लाख ४० हजारांहून जास्त अर्ज आले. १९ जुलैला न्यायालयाने तो बदलच रद्द केला. पुढच्या वर्षी, २०२५-२६साठी, सुमारे १ लाख ९ हजार जागांवर ३ लाखांहून अधिक अर्ज होते. हे आकडे वाचताना एक गोष्ट प्रामाणिकपणे ध्यानात ठेवायला हवी. जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला ऑनलाइन अर्ज लागतच नाही, ती शाळा कुणालाही नाकारत नाही. जे आधीच आपले आहे त्यासाठी कोण रांगेत उभा राहील? म्हणून पहिल्या आकड्यावरून ‘लोकांना सरकारी शाळा नकोच’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पण दुसरा आकडा स्पष्ट बोलतो. एक लाखाहून कमी उत्पन्नाचा दाखला जोडणारी, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालणारी ही माणसे आहेत. त्यांच्याकडे देखादेखी करायला पैसे नाहीत. तीही शेजारची शाळा सोडून सोडतीत नशीब अजमावतात, तेव्हा त्यांनी शेजारच्या शाळेबद्दल दिलेला तो अभिप्राय आहे असे आपण समजावे. २५ टक्के जागा राहिल्याच पाहिजेत, त्यांची प्रतिपूर्तीही शाळांना वेळेवर मिळाली पाहिजे. मात्र तीन मुलांपैकी एकालाच दार उघडणारी सोडत उरलेल्या दोघांचे उत्तर असू शकत नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. जिल्हा परिषदेची शाळा मूल गमावते ते सहाव्या वर्षी, असे आपण धरून चालतो. पट पहिलीत मोजला जातो म्हणून तसे दिसते. खरे म्हणजे मूल तिसऱ्या वर्षीच गेलेले असते. तिसऱ्या वर्षी खासगी शाळेकडे नर्सरी आहे, गणवेश आहे, व्हॅन आहे, गाणी म्हणणाऱ्या बाई आहेत. त्याच वयात शासनाकडे अंगणवाडी आहे, पण तिच्याकडून आपण शाळेची अपेक्षाच केलेली नाही. अंगणवाडी सेविका वजन घेते, पोषण ट्रॅकरवर माहिती भरते, घरपोच आहार वाटते, गरोदर मातांच्या भेटी घेते, सर्वेक्षण करते. मदतनीस सोबत असली तरी शिकवायला उरलेला वेळ किती, हे तिलाच विचारावे. शिवाय अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि शाळा आपल्या खात्याची. अनेक गावांत दोन्ही एकाच आवारात आहेत, मध्ये भिंतही नाही, तरी अंगणवाडीतले मूल पहिलीत आपल्याच शाळेत यावे याची जबाबदारी कुणा एकाची नाही. मूल तीन वर्षे खासगी नर्सरी-केजीत काढते. सहाव्या वर्षी त्याला तिथून काढून जिल्हा परिषदेत घालणे म्हणजे त्याची दोस्तमंडळी तोडणे, आणि ते कोणत्याही आईला नको असते. त्यामुळे पहिलीच्या वेळी गुरुजी पटासाठी घरोघर फिरतात तेव्हा निर्णय तीन वर्षे जुना झालेला असतो.

ज्या मातीत अंगणवाडीची कल्पना रुजली, तिथे ही स्थिती असावी याचे मला मनापासून वाईट वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते काम नेले. बाल शाळेत येत नसेल तर शाळा बालाच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. आदिवासी पाड्यावर, पाने-फुले-बिया यांचेच साहित्य करून, कमीत कमी खर्चात त्यांनी बालशिक्षण उभे केले. एकात्मिक बालविकास योजना देशात सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ला, म्हणजे बोर्डीनंतर तीस वर्षांनी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करण्याची मुभा राज्याला दिली आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तिसऱ्या वर्षापासून दुसरीपर्यंतची पाच वर्षे एकच पायाभूत टप्पा मानली. कागदावर सगळे आहे. गावात त्या पाच वर्षांच्या मधोमध खात्याची सीमा जाते.

तिसऱ्या वर्षी मूल मिळाले तरी पहिलीनंतर ते टिकवायला शिक्षक लागतो. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला निदान दोन शिक्षक हवेत. केंद्राच्या २०२४-२५च्या आकडेवारीत देशात १ लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांतल्या ८ हजारांवर महाराष्ट्रातल्या. एक शिक्षक, चार इयत्ता, त्यातच शालेय पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचे काम, तालुक्याच्या बैठका. गुरुजी बैठकीला गेले की शाळा बंद पडत नाही, मुले बसलेली असतात, पण शिकणे थांबते. हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक बापाला दिसते. त्याला निकालाची टक्केवारी कुणी सांगावी लागत नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा : खासगी शाळा कमी खर्चात चांगले शिकवतात, मग पालकांच्या हाती पैसे द्यावेत आणि शासनाने बाजूला व्हावे. याची तपासणी आपल्या शेजारीच झाली आहे. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून चार वर्षे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या गावांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेची फी दिली आणि सोडतीत नाव न निघालेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती, कारण तिथे हिंदीला वेळ मिळत होता. म्हणजे फी भरून वाचन आणि गणित वाढेल ही जी आशा आईबाप विकत घेतात, तिला तिथे आधार मिळाला नाही. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष लपवणे मात्र अन्यायाचे होईल : खासगी शाळांचा दर मुलामागे खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. तेवढ्या कमी खर्चात त्यांनी तेवढेच शिकवले, ही गोष्ट शासनाने मनाला लावून घ्यावी अशीच आहे. पण ती काटकसर मुख्यतः शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारातून येते, हेही विसरता येत नाही. डी.एड. झालेली गावची मुलगी अशा पगारावर शिकवते आणि तिचाच भाऊ ‘पवित्र’ पोर्टलवर भरतीची वाट पाहत बसतो. अशीच तरुण मुले-मुली शिक्षक म्हणून पुरेशा संख्येने जिल्हा परिषदेत नेमली गेली असती, तर हा प्रश्न अर्धा उरला असता. आणि जिथे वीस मुले आहेत त्या वस्तीवर खासगी शाळा कधीच येणार नाही. तिला पट हवा, म्हणून ती हमरस्त्यावरच येते.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. हा पालकांच्या बाजूने येतो म्हणून त्याला मी जास्त मान देतो. इंग्रजी आल्याशिवाय पोराला पुढे कोण विचारतो, हा शेतकऱ्याचा सवाल खोटा नाही. बँकेत, दवाखान्यात, कोर्टात त्याने स्वतः तो अनुभव घेतला आहे. पण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, आणि कित्येक जिल्हा परिषद शाळांत सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीचा शब्दही कानावर पडत नाही, त्याला गणित आणि विज्ञान त्याच भाषेतून, तीही नीट न येणाऱ्या शिक्षकाकडून शिकावे लागले, की विषय आणि भाषा दोन्ही हुकतात. मूल कविता पाठ म्हणून दाखवते, घरचे खूश होतात, आणि तिसरीत शब्दांचे गणित समोर आले की ते गप्प बसते. इंग्रजी विषयाचा एक चांगला तयार झालेला शिक्षक दर केंद्रशाळेत असेल आणि तो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाळेत पोहोचेल, तर पालकाला इंग्रजी मिळवण्यासाठी मराठी सोडावी लागणार नाही. १६ एप्रिल २०२५च्या आदेशाने पहिलीपासून हिंदी आणली गेली आणि २९ जूनला ती मागे घेतली गेली. त्या अडीच महिन्यांत भाषेवर जेवढी चर्चा झाली, तिच्यातला चौथा हिस्सा जरी पहिलीतल्या मुलाला मराठी वाचता येते का यावर झाला असता तर बरे झाले असते.

तिसरा आक्षेप खात्यातूनच येतो : पट नाही, शाळा चालवायची कशी, त्यापेक्षा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात. २०२३ साली तसा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांहून जास्त शाळा राज्यात असल्याचे सांगितले गेले. मी याला सरसकट विरोध करत नाही. चार इयत्तांत मिळून सात मुले आणि एक गुरुजी, ही स्थिती मुलांच्याही हिताची नाही. पण अंतर वाढवल्यावर वाहन शासनाचे असेल आणि पावसाळ्यात नाला भरला तरी मूल पोहोचेल, याची हमी आधी लेखी हवी. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. पण दंड ठेवण्याआधी गावागावात शाळा काढण्याची जबाबदारी दरबाराने स्वतःवर घेतली होती. आज क्रम उलटा झाला आहे. आधी शिक्षक कमी होतो, मग पट कमी होतो, मग पट कमी आहे म्हणून शाळा जाते.

मंत्री आणि अधिकाऱ्यांनी आपली मुले सरकारी शाळेत घालावीत, अशी मागणी मी करत नाही. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशात तसा आदेश दिला होता, तो प्रत्यक्षात आला नाही, आणि कुणाच्या लेकरावर सक्ती करून विश्वास तयार होत नाही. तो दुसऱ्या रीतीने तयार होतो, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत आपल्या गटात पहिल्या दहांत आली. मुंबई महापालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. पाटी सरकारी असली म्हणून पालक परत फिरला नाही. ‘हे एखाद्या जिद्दी शिक्षकाचे काम आहे, सगळीकडे कसे होईल’, असे यावर म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच व्यवस्थेकडे मागणे करावे लागते. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरातली सगळी मुले एकत्र शिकतील अशी शेजारशाळा सुचवली, तेव्हा ती असामान्य शिक्षकांच्या भरवशावर सुचवली नव्हती. साधा, नियमित, रोज येणारा शिक्षक एवढेच तिला पुरे आहे.

म्हणून आपल्याकडे मागणे असे. नर्सरी ते सिनिअर केजीसाठी राज्याचा स्वतंत्र कायदा करावा. त्यात प्रवेशाची एकच तारीख असावी, चाळणी आणि देणगीला पहिलीसारखीच बंदी असावी, आणि पूर्ण फी, बसभाड्यासह, शाळेच्या फाटकावर लावण्याची सक्ती असावी. फाटकावरच्या त्याच फलकावर, सरकारी असो की खासगी, शिक्षक किती, त्यांचे शिक्षण काय, आणि तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, हेही लिहिलेले असावे. आईबापाला शेजाऱ्याच्या ऐकीव माहितीवर लेकराचे वर्ष लावावे लागू नये. आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेच्या आवारात अंगणवाडीला जोडून तीन ते सहा वयाचा वर्ग सुरू करावा. त्याला बालशिक्षणात तयार झालेली एक ताई नेमावी, जिच्यावर वजनकाटा आणि ट्रॅकरचे काम नसेल. सेविकेचे काम तिच्याकडेच राहू द्यावे आणि त्याचे तिला योग्य मानधन मिळावे. यासाठी महिला व बालविकास खात्याशी बोलणे आपल्यालाच करावे लागेल. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हातात ते नाही.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी, निदान नांदुरा तालुक्यापुरते तरी, एवढे कळवावे : येत्या जूनमध्ये तीन वर्षे पूर्ण केलेले वडनेर भोलजीचे मूल कोणत्या खोलीत बसेल, आणि त्याला शिकवायला कोण असेल. हे उत्तर फेब्रुवारीआधी आले तर बरे, कारण व्हॅनवाल्याकडे नाव त्याच सुमारास द्यावे लागते.

आपला,
वडनेर भोलजी येथील एक नागरिक